‘मी पाप केले आहे’ : एका वाक्याचा हिशेब

(उपवासकाळात फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

गोव्यात उभे राहून माणसाच्या बंडाविषयी बोलू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसापुढे पहिली अडचण अशी येते की, या भूमीत बंड ही अभिमानाची गोष्ट आहे. सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याने परकी सत्तेविरुद्ध पुन्हा पुन्हा हत्यार उपसले. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला, ही हकीकत इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच्याही आधी, १७८७ मध्ये, ‘पिंटोंचे बंड’ म्हणून ओळखला जाणारा कट झाला आणि त्यात गोमंतकीय ख्रिस्ती पाद्री पुढे होते, कारण आपल्याच धर्माच्या गोऱ्या वरिष्ठांचा पक्षपात त्यांना सोसवेना. १८ जून १९४६ च्या राममनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेविषयी तर मी सांगायलाच नको. तेव्हा ‘मनुष्य देवाविरुद्ध बंड करतो’ असे वाक्य व्यासपीठावरून आले की इथल्या श्रोत्याच्या मनात एक शंका उभी राहते, आणि ती रास्त आहे : हा गृहस्थ आता आम्हांला मान खाली घालून राहायला सांगणार काय?

तसे सांगायचा माझा विचार नाही, आणि पवित्र शास्त्रही, म्हणजे बायबलही, तसे सांगत नाही. त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी मिसरच्या फारोचा, म्हणजे राजाचा, हुकूम मोडून इब्र्यांचे मुलगे जिवंत ठेवतात, आणि शास्त्र त्या दोघींची नावे जपून ठेवते. ज्याचा हुकूम त्यांनी मोडला त्या राजाचे नाव मात्र ते देत नाही. संदेष्ट्यांचे निम्मे आयुष्य राजांना तोंडावर सुनावण्यात गेले. देवाविरुद्धचे बंड, जे शास्त्र गंभीरपणे घेते, ते बहुधा वरच्या पायरीवर उभा असलेला माणूस करतो : ज्याच्या हाती फौज आहे, वखार आहे, शिक्का आहे, किंवा निदान आपल्याहून दुबळा असा एक भाऊ आहे. आपल्याला जाब विचारणारे आता कोणी उरले नाही, असे ज्याला वाटू लागते, तो शास्त्राच्या दृष्टीने बंडखोर. सुइणी बंडखोर नव्हत्या. त्यांच्यावर हुकूम सोडणारा फारो बंडखोर होता.

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली कथा या दृष्टीने वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. फळ तोडून खाणे एका ओळीत उरकते. त्यानंतरची लपालपी आणि सारवासारव मात्र सहा ओळी चालते. देव हाक मारतो, ‘तू कोठे आहेस?’ आणि आदाम झाडांमागून बोलतो ते असे : तू मला जी स्त्री दिलीस, तिने मला दिले. या उत्तरात दोष बायकोवर तर जातोच, पण ‘तू दिलीस’ म्हणून थोडा देवावरही जातो. बायको सापाकडे बोट दाखवते. सापाला विचारतच नाहीत, म्हणून ती साखळी तिथे थांबते. पुढच्याच अध्यायात काइन भावाचा खून करून परत येतो आणि ‘तुझा भाऊ कोठे आहे?’ या प्रश्नाला उलट प्रश्न विचारतो : मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? म्हणजे आधी खून, आणि मग तो खून मुळात आपल्या खात्यावर येतच नाही, असा दावा. मला हा दुसरा भाग पहिल्याहून भयंकर वाटतो.

सारवासारवीचा कळस मात्र इस्राएलांचा पुढारी मोशे याच्या भावाने, अहरोनाने, केला आहे, आणि त्याचे उत्तर ऐकून हसू आवरत नाही. मोशे डोंगरावर असताना लोकांच्या आग्रहाखातर अहरोनाने त्यांचे सोन्याचे दागिने गोळा केले, ते वितळवले, कोरणीने घडवून पूजेसाठी वासरू केले. हे सारे शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे. मोशे खाली उतरला, त्याने जाब विचारला, तेव्हा भावी महायाजक म्हणतो : लोकांनी मला सोने दिले, मी ते अग्नीत टाकले, आणि त्यातून हे वासरू निघाले! जणू वासराने स्वतःच स्वतःला घडवले. आपण आज हसलो खरे, पण ही बोलण्याची तऱ्हा आपल्या अंगवळणी पडली आहे. डोंगर कापला जातो, शेतात माती भरली जाते, फाईल अडकते, पैसे गहाळ होतात. कापणारा, भरणारा, अडकवणारा, खाणारा कोणी नसतोच. सगळी वासरे आपोआप निघतात.

मग एखाद्याने धीर करून ‘मी पाप केले आहे’ असे कर्तरी वाक्य उच्चारले, तर प्रश्न सुटतो काय? आज मला मुख्यतः याच वाक्याविषयी बोलायचे आहे, कारण पवित्र शास्त्रात ते अनेकांच्या तोंडी आले आहे आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचे वजन वेगळे आहे. हे वाक्य म्हणणाऱ्यांत चक्क फारोही आहे. गारांचा मारा चालू असताना तो मोशेला बोलावून म्हणतो, ‘या खेपेस मी पाप केले आहे, परमेश्वर न्यायी आहे, मी व माझे लोक दुष्ट आहोत.’ शब्दांत काही उणे काढायला जागा नाही. गारा थांबल्या, आकाश निवळले आणि त्याचे मन पुन्हा घट्ट झाले. इतका पश्चात्ताप तर आपण सर्वच इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून करतो.

इस्राएलचा पहिला राजा शौल याचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. अमालेक्यांवरच्या स्वारीत त्याने आज्ञा मोडली, उत्तम गुरेमेंढरे राखून ठेवली, आणि संदेष्टा शमुवेल भेटला तेव्हा आधी म्हणाला की मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. शमुवेलाने विचारले, मग माझ्या कानांवर हे मेंढरांचे बें बें काय येते आहे? त्यावर उत्तर आले की ती देवाला अर्पण करण्यासाठीच राखली आहेत. अखेर शौल म्हणतो, ‘मी पाप केले आहे, लोकांना भिऊन मी त्यांचे ऐकले.’ पुढे तो आणखी एक वाक्य बोलतो आणि त्यात त्याचे मन उघडे पडते : मी पाप केले आहे, तरी माझ्या लोकांच्या वडील मंडळींसमोर माझा मान राख. चूक कबूल, पण व्यासपीठावरची खुर्ची हलू देऊ नका. या तऱ्हेचे माफीनामे आपण वर्तमानपत्रांत वाचत असतो. ज्यांचे नुकसान झाले त्यांचा त्यात उल्लेख नसतो, आणि ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ एवढी एक अट मात्र हटकून असते.

आता शौलानंतरचा राजा दावीद. ही कथा सर्वांना साधारण ठाऊक असली, तरी तिच्यातले तपशील सावकाश पाहायला हवेत, कारण सगळा अर्थ तपशिलांत आहे. राजे लढाईला निघतात त्या ऋतूत दावीद मात्र यरुशलेमेतच राहिला. गच्चीवरून त्याने बथशेबेला पाहिले आणि माणसे पाठवून तिला आणवले. तिच्या मर्जीविषयी कथा अक्षरही बोलत नाही, आणि राजाच्या निरोप्यापुढे तिच्या मर्जीला काय किंमत होती हे आपण ओळखू शकतो. ती गरोदर राहिल्याचे कळताच दावीदाने तिचा नवरा उरीया हित्ती याला रणभूमीवरून बोलावून घेतले आणि घरी जाऊन आराम कर म्हणून सांगितले. उरीया घरी गेला नाही. देवाच्या कराराचा कोश आणि सैन्य उघड्यावर तंबूत असताना मी घरी जाऊन खाऊपिऊ, बायकोजवळ निजू काय, असे त्याने राजालाच विचारले. दुसऱ्या रात्री दावीदाने त्याला दारू पाजून पाहिले, तरीही तो गेला नाही. तेव्हा राजाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले की, याला घनघोर लढाईच्या तोंडी द्या आणि मागे सरा. आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. आपल्या मरणाचा हुकूम खिशात घेऊन तो इमानी शिपाई परत गेला. तो मेल्यावर दावीदाने यवाबाला निरोप धाडला, तो असा : या गोष्टीचे वाईट वाटून घेऊ नको, तलवार आज याला खाते, उद्या त्याला. हेसुद्धा अहरोनाचे वासरूच आहे. तलवारीने खाल्ले म्हणे.

नाथान संदेष्टा राजाकडे येतो तो आरोपपत्र घेऊन येत नाही, फिर्याद घेऊन येतो. एका गरिबाची एकच मेंढी होती. ती त्याच्या घासातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई, त्याच्या उराशी निजे. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपल्या खिल्लारातले जनावर न मारता ती मेंढी ओढून नेली. दावीद संतापून निकाल देतो : तो मनुष्य मरणाला योग्य आहे, आणि त्याने त्या मेंढीची चौपट भरपाई केली पाहिजे. ‘तो मनुष्य तूच आहेस,’ नाथान म्हणतो. आणि दावीद म्हणतो, ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे.’ यापुढे त्याने ‘पण’ जोडलेला नाही, ‘तरी’ जोडलेला नाही, वडील मंडळींचा विषय काढलेला नाही. नाथान तत्काळ सांगतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. आणि लगेच पुढे सांगतो की तुला झालेला मुलगा मात्र मरेल; तलवार तुझ्या घरातून जाणार नाही, हे तर त्याने आधीच सांगितले होते.

म्हणजे क्षमा मिळाली आणि हिशेबही राहिला. पुष्कळ ख्रिस्ती प्रवचनांत पहिले वाक्य मोठ्याने आणि दुसरे हळू वाचले जाते, याचे मला फार वाईट वाटते. त्या घरात पुढे जे घडले, म्हणजे अर्भकाचा मृत्यू, तामार या मुलीवरचा बलात्कार, अम्नोन या मुलाचा खून, अबशालोम या मुलाचे बंड आणि शेवट, ते वाचताना यहुदी परंपरेने बोटे मोजून म्हटले आहे की राजाने स्वतःच उच्चारलेली चौपट भरपाई त्याच्याकडून वसूल झाली. हा न्याय कठोर आहे. त्या अर्भकाचा आणि तामारेचा त्यात काय दोष, हा प्रश्न कोणी विचारला तर तो गप्प करण्यासारखा नाही. शक्तिमानाच्या पापाची किंमत बहुधा त्याच्या आसपासचे दुबळे चुकवतात, एवढे मात्र कथा लपवत नाही.

एक्कावन्नावे स्तोत्र या प्रसंगाशी परंपरेने जोडलेले आहे, आणि त्यातली एक ओळ विचारी वाचकाला खटकते : ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.’ फक्त देवाविरुद्ध? मग उरीयाचे काय, बथशेबेचे काय? ही ओळ हाताशी धरून माणसे मोठ्या सफाईने निसटतात. देवाशी मी माझे मिटवले आहे, आता तुम्ही मधे बोलू नका, असे लेकीसुनांना, कुळांना आणि कामगारांना ऐकवणारे भाविक आपण पाहिले आहेत. पण हे वाक्य कोण म्हणतो आहे ते पाहावे. राजा म्हणतो आहे. त्याच्यावर खटला चालवील असे न्यायालय त्या देशात नव्हते, उरीया मेला होता, यवाब त्याचा बांधील होता आणि बथशेबा त्याच्या राणीवशात होती. ज्याला पृथ्वीवर कोणीच जाब विचारू शकत नाही, त्याने ‘तुझ्यापुढे’ म्हटले म्हणजे सुटकेची वाट उघडत नाही. होती नव्हती ती शेवटची वाट बंद होते. देवापुढे उत्तरदायी असणे म्हणजे माणसांपुढच्या उत्तरदायित्वातून मोकळे होणे, असा अर्थ ज्याने काढला त्याने हे स्तोत्र उलटे धरून वाचले आहे.

आणि शास्त्र स्वतः उरीयाला विसरत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस दावीदाच्या शूर वीरांची यादी आहे. एकूण सदतीस, असे तिथे म्हटले आहे, आणि त्या यादीतले शेवटचे नाव उरीया हित्ती असे आहे. पुढे शेकडो वर्षांनी मत्तयाने येशू ख्रिस्ताची वंशावळ लिहिली तेव्हा ‘बथशेबेपासून’ असे तो लिहू शकला असता. त्याने लिहिले, दावीदाला उरीयाच्या बायकोपासून शलमोन झाला. ज्याला आपण जगाचा तारणारा म्हणतो, त्याच्या घराण्याच्या कागदावर त्या मारलेल्या शिपायाचे नाव कायमचे आहे. क्षमा झालेल्या पापाचीही नोंद पुसली जात नाही, हे मला या वंशावळीने शिकवले.

देवाशी मिटवायचे आणि माणसाशी मिटवायचे, यांत आधी काय, याविषयी मोशेच्या नियमशास्त्रात संदिग्धता नाही. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे की, कोणी शेजाऱ्याची ठेव दाबली किंवा जुलमाने काही घेतले, तर त्याने मूळ वस्तू आणि वर तिचा पाचवा हिस्सा धन्याला द्यावा. दोषार्पणाचा मेंढा त्यानंतर येतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशू हेच सांगतो : वेदीपाशी दान आणले असताना तुझ्या भावाची तुझ्याविरुद्ध काही तक्रार आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमच्या कॅथलिक बांधवांच्या कुमसारातही, म्हणजे पाद्रीपुढे पाप सांगण्याच्या संस्कारातही, चोरीचे पाप सांगणाऱ्याने चोरलेले परत केले पाहिजे, ही अट जुनी आहे; ती किती ठिकाणी आग्रहाने सांगितली जाते, हा भाग निराळा.

चोडण-दिवाडीकडे खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, ज्यांनी केली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. खारे पाणी बाहेर थोपवायचे, पावसाचे पाणी जाऊ द्यायचे, अशी ती जुनी युक्ती. एखाद्याने मासळी जास्त मिळावी म्हणून रात्री त्या दारात लाकूड अडकवून ठेवले, तर सकाळी त्याचे जाळे भरलेले असते आणि शेजाऱ्याचे शेत खारावलेले असते. कोरगुटाचे भात थोडे खारे सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला खरोखरच रडू आले, तरी त्याच्या आसवांनी जमिनीतले मीठ जात नाही. लाकूड काढावे लागते, बांध बुजवावा लागतो, चिखलात उतरावे लागते, आणि एवढे करूनही पावसाने मीठ धुऊन नेईपर्यंत थांबावे लागते. ते शेत पिकेपर्यंत शेजाऱ्याच्या घरी भात कोण पोचवणार, हा प्रश्न पश्चात्तापाचाच भाग आहे.

यरीहोच्या जक्कयाला हे कोणी न सांगता कळले होते. तो जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, ठेंगू. येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूने त्याला वर पाहून हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरणार आहे म्हणून सांगितले. त्याने झडती घेतली नाही, अट घातली नाही. आणि मग जक्कय उभा राहून म्हणतो, ‘माझे अर्धे द्रव्य मी दरिद्र्यांस देतो, आणि मी अन्यायाने कोणाचे काही घेतले असेल तर ते चौपट परत करतो.’ चौपट : दावीदाने दुसऱ्याला सुनावलेली शिक्षा जक्कयाने स्वतःला लावून घेतली. थोडे गणित करून पाहा. त्याच्याजवळ आठशे रुपये असतील, तर चारशे दरिद्र्यांचे झाले. उरलेल्या चारशेंतून चौपट द्यायचे म्हणजे लुबाडलेली रक्कम शंभराच्या वर असून चालणार नाही, नाहीतर त्याचा शब्द खोटा पडणार. तेव्हा एकतर त्याने मनातल्या मनात वह्या तपासल्या होत्या, किंवा भिकेला लागायची त्याची तयारी होती. दोन्ही गोष्टी जकातदाराच्या बाबतीत सारख्याच नवलाच्या.

येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योत या शिष्याविषयी बोलायला प्रवचनकार सहसा धजत नाहीत. पण ‘मी पाप केले आहे’ हे वाक्य त्याच्याही तोंडी आहे, आणि शौलापेक्षा त्याने अधिक केले : तीस रुपये परत नेले, निर्दोष माणसाला धरून दिल्याचे स्पष्ट सांगितले. तो गेला मुख्य याजकांकडे, म्हणजे ज्यांचे कामच पाप्याचे ऐकून घेणे त्यांच्याकडे. ते म्हणाले, ‘त्याचे आम्हांला काय? तुझे तू पाहा.’ धर्मपीठाने उच्चारलेले इतके निर्दय वाक्य मला दुसरे आठवत नाही. यहूदा गळफास घेऊन मेला, आणि याजकांनी ते पैसे रक्ताचे म्हणून भांडारात न टाकता त्यांतून कुंभाराचे शेत घेतले. नियम पाळण्यात ते काटेकोर होते. येशूला धरले त्याच रात्री पेत्रानेही त्याला तीनदा नाकारले होते आणि तो बाहेर जाऊन रडला होता. पण पेत्र इतर शिष्यांत राहिला, आणि पुढे तिबिर्याच्या समुद्राकाठी कोळशाच्या विस्तवाशेजारी ज्याला त्याने नाकारले त्याच्याच पुढे बसला. येशूने तिथे झाले गेले विसरून जा असे म्हटले नाही. त्याने तीनदा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्या खेपेस पेत्र दुःखी झाला, असे योहान लिहितो. तेवढे दुःख त्याला होऊ देणे हे त्या क्षमेतच बसत होते.

इथे ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा येतो. मनुष्य वही उघडायला घाबरतो, कारण उघडली तर आपण संपलो असे त्याला वाटते; म्हणून तो लपतो, वासरू आपोआप निघाले म्हणतो. आपल्याकडे करुणाष्टके म्हणत सांजवेळ घालवणाऱ्यांना अनुताप नवा नाही, आणि आपल्या दोषांची यादी देवापुढे न लाजता वाचण्याची मराठी संतांची रीतही आपल्याला परकी नाही. ख्रिस्ती माणूस तिथे इतकेच म्हणतो की, ज्याच्यापुढे हिशेब द्यायचा त्यानेच वधस्तंभावर त्या हिशेबाची तूट अंगावर घेतली आहे. लूकाच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा डुकरांजवळ बसून बापापुढे म्हणायची वाक्ये पाठ करतो : मी पाप केले आहे, तुझा पुत्र म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेव. घरी पोचल्यावर पहिली दोन वाक्ये तो म्हणतो. तिसरे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही, कारण बाप मध्येच चाकरांना झगा आणायला सांगू लागतो. कबुली पूर्ण ऐकली गेली. मोलकरी होण्याचा अर्ज तेवढा ऐकला गेला नाही. ही खात्री असली तरच माणूस जक्कयासारखा उभा राहून आकडे सांगू शकतो. कृपेने वही बंद होत नाही, ती उघडायचे धैर्य येते.

फोंड्यात हे सारे बोलून मी इथेच थांबलो, तर तुम्ही मला शौलाच्या पंक्तीला बसवाल, आणि ते योग्यच होईल. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला. या देवता हवा पालटायला अंत्रुजात, म्हणजे या फोंडा महालात, आल्या नाहीत. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देस आणि साष्टीत देवळे पाडली. पाडली गेली असे मी म्हणणार नाही, कारण पाडणारे होते, त्यांना हुकूम देणारे होते, आणि त्या हुकमांना आशीर्वाद देणारे माझ्या धर्माचे होते. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. त्याची झळ हिंदूंना लागली, आणि बाटलेल्या घरांतल्या जुन्या चालीरीतींवर पाळत ठेवल्यामुळे खुद्द ख्रिस्त्यांनाही लागली. त्याच साष्टीत, रायतूरला, १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी ओव्यांतले ख्रिस्तपुराण छापले गेले, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. पण त्या ओव्या ऐकणाऱ्यांच्या हातची आधीची पुराणे कुठे गेली होती, हा प्रश्न तो अभिमान बाजूला सारून विचारावाच लागतो.

यावर माझे काही ख्रिस्ती मित्र यहेज्केलाचा अठरावा अध्याय पुढे करतात : बापाने आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलाचे दात आंबणार नाहीत, जो पाप करील तोच मरेल. वचन खरे आहे, आणि चारशे वर्षांपूर्वीच्या कृत्याचा दोष आज जन्मलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती मुलावर लादणे हे त्या वचनाशी विसंगत आहे. त्या मुलाचे पूर्वज बहुधा त्या जुलमाचे धनी नव्हते, बळी होते. पण दानिएल, ज्याच्या अंगी शास्त्राने एकही पाप लावलेले नाही, तो नवव्या अध्यायात ‘त्यांनी’ म्हणत नाही, ‘आम्ही पाप केले’ म्हणतो. दोष वारशाने येत नाही. नाव येते, वास्तू येतात, जमिनी येतात, आणि ज्याने वारसा घेतला त्याला त्याची खातेवही वगळता येत नाही. १२ मार्च २००० रोजी रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या लोकांकडून सत्याच्या नावाखाली झालेल्या असहिष्णुतेबद्दल देवाची क्षमा मागितली. ती प्रार्थना मोलाची होती. ती सर्वसाधारण शब्दांत होती आणि देवाला उद्देशून होती. वेर्णे, केळशी, कुठ्ठाळी ही नावे घेण्याचे काम रोमचे नव्हे, इथल्यांचे आहे, आणि त्यात माझ्यासारखे, ज्यांची मंडळी त्या काळात गोव्यात नव्हती, ते प्रॉटेस्टंटही आले. ख्रिस्ती म्हणून मिळणारा मान आम्ही घेतो, तर ख्रिस्ती म्हणून विचारला जाणारा जाब शेजारच्या चर्चकडे ढकलता येणार नाही.

शेवटच्या न्यायाविषयी लोक फार कुतूहलाने विचारतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याची प्रश्नपत्रिका आधीच फुटली आहे : भुकेल्याला दिलेस का, तान्हेल्याला पाजलेस का, परक्याला घरात घेतलेस का, आजाऱ्याला आणि बंदिवानाला भेटलास का. डावीकडच्यांचा बचाव असा की, प्रभो, आम्ही तुला कधी पाहिलेच नाही. त्यांनी मारले नव्हते, लुबाडले नव्हते. त्यांना दिसले नव्हते. २०२४ च्या पावसाळ्यात कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवर काम करणारे परप्रांतीय कामगार कॉलऱ्याने दगावले. बांगडा आपल्या ताटात रोज होता. तो ओढून आणणारा माणूस कुठे निजतो, कुठले पाणी पितो, हे ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, म्हणून आपण पाहिले नव्हते. इथेही कॉलरा आपोआप झाला, असेच आपण म्हणणार आहोत काय?

वेळ झाली आहे, पण एक चिठ्ठी आली आहे आणि प्रश्न महत्त्वाचा आहे : आपण मनापासून क्षमा मागितली, भरपाईही केली, तरी समोरच्याने क्षमा केली नाही, तर? तर त्याने केली नाही. तो त्याचा अधिकार आहे, आणि आपली भरपाई त्याच्या क्षमेची किंमत म्हणून दिलेली नव्हती; ती त्याचीच होती, ती त्याला परत गेली. जक्कयाला यरीहोच्या लोकांनी क्षमा केली की नाही, हे लूक सांगत नाही. उलट बाजूचे उदाहरण उत्पत्तीच्या अखेरच्या अध्यायात आहे. भावांनी योसेफाला विकले, पुढे योसेफाने त्यांना मिसरात आसरा दिला, त्यांचा बाप याकोब तिथे सतरा वर्षे राहिला. आणि तो वारल्यावर भावांना भीती वाटली की आता हा सूड घेणार. त्यांनी निरोप पाठवला : तुझ्या बापाने मरण्यापूर्वी सांगितले आहे की, आपल्या भावांच्या अपराधाची क्षमा कर. बापाने असे काही सांगितल्याची नोंद त्याआधी कुठेही नाही. इतक्या वर्षांनंतरही ‘आम्ही तुला विकले’ हे त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणता आले नाही, मेलेल्या बापाच्या तोंडून म्हणवून घ्यावे लागले. तो निरोप ऐकून योसेफ रडला, असे तिथे लिहिले आहे. मग भाऊ स्वतः येऊन त्याच्यापुढे पालथे पडले, तेव्हा तो म्हणाला, भिऊ नका, मी काय देवाच्या ठिकाणी आहे? तुम्ही माझे वाईट योजिले होते. हे त्याने वगळले नाही. आणि मग तुमचे व तुमच्या मुलाबाळांचे मी पोषण करीन, असे त्यांना सांगितले.